चार बोटांची पोकळी

ये पोरी, ये. बूट तिथेच काढ, आणि अशी इथे बस, मशीनजवळ. इथली फरशी खालून जास्त तापते. अगं, संत्री कशाला आणलीस? शेजारी आवाजाची तक्रार घेऊन जायचं तर हातात काहीतरी असावं लागतं, हे तुझ्या वयाच्या मुलींना अजून माहीत आहे म्हणजे कमालच झाली! सोदाम नाव ना तुझं? दवाखान्यात नर्स, रात्रपाळी, दुपारची झोप. सगळं ऐकलंय मी. या इमारतीत तीनशे दोनमध्ये कुणी राहायला आलं की तिसऱ्या दिवशी त्याची जन्मपत्रिका तळमजल्यावर पोहोचते.

तुला भिंतीच्या मिस्त्रीचा नंबर हवाय. देते. पे मिस्त्री. अख्ख्या जॉंजू शहरात त्याच्यासारखी मुकी भिंत कुणी करत नाही. भिंतीतून आवाज येतो म्हणालीस ना... कसला, ते आत्ता सांगू नकोस. आधी माझं ऐक, मग ठरव. दिवा लावते. दुपारचे अडीचच झालेत, पण बर्फाचं आभाळ आलं की या खोलीत सुईचं भोक दिसत नाही.

आमचे हे आतल्या खोलीत आहेत. ढोल पुसत बसले असतील. आपलं बोलणं काही त्यांना ऐकू जायचं नाही. भिंतच तशी करून घेतलीय मी, आणि तीच तर तुला सांगायची आहे.

मी बोनसिम. समारंभाचे कपडे शिवते, लग्नाचे, साठीचे. आमचे हे, सांगदोक, ढोल वाजवतात. आपल्याकडचं जुनं आख्यान-गाणं, एकटी गाणारीण उभी आणि समोर एकटा ढोलवाला बसलेला, त्यातले ते ढोलवाले. एका हातात काठी, दुसऱ्याचा तळवा. आणि मधूनमधून तोंडाने दाद. तुम्हा पोरींना ठाऊक नसेल, पण त्या गाण्यात दाद ही शोभेची गोष्ट नाही. दाद मिळाली तर गाणारीण पुढे जाते, नाही मिळाली तर तिचा श्वास तिथेच मोडतो. म्हणून तर म्हणतात, पहिला ढोल, दुसरा गळा.

तो गळा म्हणजे येवोल. ह्यांची पहिली बायको.

मी या घरात नऊ वर्षांपूर्वी आले, तेव्हा तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. घशाचंच दुखणं. जिवंत सवत परवडली, पोरी. ती म्हातारी होते, तिची भाजी करपते, तिच्यावर नवरा खेकसतो. मेलेली सवत कधी चुकतच नाही. हिने मागे काय ठेवलं होतं, तर एक कॅसेट. ह्याच घरात, आतल्या खोलीत भरलेली. नावाड्याच्या बायकोचं आख्यान. ती पलीकडच्या काठावरून नवऱ्याला हाका मारते, तिसऱ्या हाकेला येवोलला खोकला येतो, आणि कॅसेट तिथेच संपते. पुढचं तिने कधी गायलंच नाही.

रोज दुपारी तीन वाजता, त्यांच्या रियाजाच्या वेळेला, हे आत जायचे, कॅसेट लावायचे आणि तिच्याबरोबर ढोल वाजवायचे. आणि दाद द्यायचे. "शाबास!" अगदी पोटातून. मी इथे मशीनवर बसलेली असायचे. माझ्या नवऱ्याच्या पोटात एवढा गोड आवाज आहे, हे मला भिंतीपलीकडून कळलं, बघ.

मला काय होतं? वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप केलं तर "हं". बैठकीचा पांढरा अंगरखा शिवून दिला, टाका दिसणार नाही असा, तर "हं". बाहेर लोक मला काय म्हणायचे ठाऊक आहे? ढोलवाल्याची दुसरी. मला नाव नव्हतंच. जळायचे मी! लपवून काय करू? तीन वाजले की मुद्दाम मशीन चालवायचे, खडखड खडखड, टाका चुकला तरी चालवायचे. ती कॅसेट मला पाठ झाली होती. कुठे श्वास, कुठे ढोल, कुठे शाबास, सगळं.

एक दिवस हे बाहेर आले. काठी हातातच होती.

"अगं, तीनला ते मशीन बंद ठेवत जा. तुझ्या खडखडाटात येवोल बुडते."

बुडते, म्हणे! बारा वर्षांपूर्वी गेलेली बाई माझ्या मशीनने बुडते!

"मशीन बंद ठेवलं तर खायचं काय, अहो? मध्ये आणखी एक भिंत घालून घेऊ. तुम्हाला मी नको, मला ती नको."

हे "हं" म्हणाले. आणि मी पे मिस्त्रीला बोलावलं.

पे मिस्त्री म्हणजे बोलण्याची चक्की. आत शिरला, भिंतीवर अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले पाहिले आणि पोट धरून हसला. "वहिनी, ह्याने आवाज अडत नाही, नुसत्या कोंबड्या आठवतात!" मग म्हणाला, "आणि ढोलवाल्याच्या घरात शांतता विकायची म्हणजे खाटकाच्या घरात मेथी विकणं आहे."

ते ट्रे येवोलने लावले होते. स्वतःच्या हाताने, कॅसेट भरायच्या आधी. मी एकेक ओरबाडून काढला. मागे तिच्या बोटांचे ठसे होते, वाळलेल्या खळीत उमटलेले. लांब बोटं होती मेलीची.

मिस्त्रीने मला सगळं शिकवलं. आवाज पाण्यासारखा असतो, भोक दिसलं की शिरतो. दाराखालची फट, दिव्याच्या बटणाची खाच, सगळं लिंपायचं. आणि नवी भिंत जुन्या भिंतीला टेकवायची नाही. टेकली की आवाज तिच्या अंगावरून चढून येतो. मध्ये चार बोटं जागा सोडायची. त्यात काचेचा कापूस सैल ठेवायचा, आणि बाकी पोकळ.

"म्हणजे रिकामं?" मी विचारलं.

"रिकामं म्हणूनच अडतं, वहिनी. गच्च भरलं की बोलायला लागतं." मग त्याने ह्या भिंतीवर टकटक केली. हो, हीच, तुझ्या आणि माझ्या घरामधली. "समोरून अडवला की आवाज कडेने जातो. ही शेजारची भिंत पण करून घ्या."

"शेजारी कोण राहतंय? रिकामं तर आहे," मी म्हटलं. "जाईना का तिकडे. माझ्या कानापासून गेली म्हणजे झालं."

असं म्हणाले मी. माझ्याच तोंडाने.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारागीर काळ्या सॉसच्या नूडल्स खायला स्वयंपाकघरात बसले होते. हे बैठकीला गावाला गेलेले. भिंत अर्धी उघडी होती, लाकडाचा सांगाडा, मध्ये पिवळा कापूस. मी आतल्या खोलीत गेले. टेपचं झाकण उघडलं. कॅसेट काढली. तिच्यावर येवोलच्या अक्षरात तारीख होती.

मी ती त्या पोकळीत टाकली. कापसाच्या मागे. सरकत खाली गेली, टप् असा आवाज आला. तासाभराने मिस्त्रीने वरून दोन तक्ते ठोकले, सांधे भरले, कागद लावला. मी त्याला वाटीभर जास्त नूडल्स दिल्या.

तू पहिलीच आहेस हं, हे ऐकणारी. ह्यांना आजपर्यंत माहीत नाही.

ह्यांनी चार दिवस शोधली. कपाटं, गाद्या, कचऱ्याची पोती. "कारागिरांनी केरात टाकली असेल," मी म्हटलं. हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते बसून राहिले, आणि पाचव्या दिवशी तीन वाजता ढोल उचलून आत गेले. दार लावलं.

मी मशीन थांबवलं. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. ना ढोल, ना शाबास. काय भिंत केली होती गं! मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा हे घर माझं वाटलं. म्हटलं, बिचारे एकटेच ढोल बडवतायत, सातूचं गरम पाणी तरी नेऊन द्यावं.

दार उघडलं. हे डोळे मिटून वाजवत होते. टेपचं झाकण उघडं, आत काही नाही. "शाबास!" हे म्हणाले. थांबले, मान झुकवून ऐकलं, पुन्हा काठी. मला ती कॅसेट पाठ आहे, सांगितलं ना? मी ढोलावरून ओळखलं, कुठवर आलंय ते. पहिली हाक. दुसरी हाक. तिसरी... इथे खोकला, इथे संपतं.

हे थांबले नाहीत.

ढोल पुढे गेला. मी कधीच न ऐकलेल्या जागेत गेला. ह्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि चेहरा असा... लग्नाच्या रात्रीसुद्धा माझ्याकडे बघताना तो चेहरा नव्हता.

"अहो," मी हळूच म्हटलं. "काय वाजवताय?"

"श्श... पुढचं आहे," हे म्हणाले. "पुढचं गातेय..."

मी सातूचं पाणी तिथेच ठेवलं आणि इकडे आले. मशीनजवळ बसले आणि ह्या नव्या भिंतीला कान लावला. कागद थंडगार होता, इतक्या गरम खोलीत. आधी वास आला. आलं आणि मध. गळा बसू नये म्हणून ती रोज प्यायची, हे शेजारणींनी मला शंभरदा सांगितलेलं. लिंपलेल्या बटणाच्या खाचेतून येत होता. आणि मग आवाज. पलीकडच्या खोलीतून नव्हे. अगं, तिथला ढोल मला ऐकू येत नव्हता. आवाज मधला होता. चार बोटांतला.

ती गात होती. तो घोगरा, फाटका, गावठी तुपासारखा दाट आवाज. गेली बारा वर्षं ज्याला कुठे जागा नव्हती, त्याला मी खोली बांधून दिली होती. कापूस घालून.

भीती वाटली का विचारशील. नाही. आधी संताप आला. मेल्यावरसुद्धा हिचं गाणं पुढे जातंय, आणि माझा नवरा रडतोय! मी भिंतीवर मूठ आपटली आणि दात-ओठ खाऊन म्हटलं, "शाबास! शाबास गं बये! चालू दे तुझं!"

कळतंय का तुला, काय केलं मी? हा शब्दच मेला दुधारी. सुनेच्या हातून ताट फुटलं तर शाबास, आणि गाणारणीचा श्वास जमला तरी शाबास. मी टोमणा मारला. तिला दाद पोहोचली.

आतलं गाणं थांबलं. कुणीतरी इकडे वळल्यासारखं... मग एक लांब श्वास घेतला. माझ्या कानापासून दोन बोटांवर. आणि ती पुन्हा गायला लागली, मोठ्याने, माझ्याकडे तोंड करून.

थोड्या वेळाने हे बाहेर आले. काठी खाली लोंबत होती.

"गेली," हे म्हणाले.

"कोण?"

"आत्ता होती... तुला काही ऐकू येतं का गं?"

माझ्या कानात ती पाचवी हाक मारत होती. "नाही बाई," मी म्हटलं. "मला कुठलं?"

मग रोज तीन वाजता ती माझ्याकडे यायची. ह्यांच्याकडे नाही. हे आत मुक्या ढोलापुढे बसून राहायचे आणि मी इकडे. मला वाटलं होतं, जिंकले. कसलं जिंकणं? दाद दिली नाही तर ती खोकायची आणि पुन्हा पहिल्या हाकेपासून. पुन्हा तीच, पुन्हा खोकला. संध्याकाळपर्यंत. डोकं फुटायची वेळ यायची. म्हणून मी शाबास म्हणायचे, म्हणजे पुढे जाईल, संपेल एकदाचं. आणि आमच्या ह्यांनी जेवण सोडलं. मनगटाची हाडं दिसायला लागली. नवरा माझा होता की नव्हता देव जाणे, पण होता तो एवढाच. तोही चालला.

शेवटी एका दुपारी मी त्यांचा हात धरून इथे आणलं. "बसा. ती इथे आहे."

हे भिंतीला कान लावून बसले. खूप वेळ. लहान मुलासारखं तोंड झालं.

"मला नाही ऐकू येत. तू सांग, बोनसिम. कुठवर आली?"

बोनसिम म्हणाले! नावाने!

तेव्हापासून आमचं असं चालतं. मी ऐकते. तिचा श्वास जिथे दाद मागतो तिथे मी शाबास म्हणते, आणि माझ्या शाबासवर हे ढोल वाजवतात. तू बसलीस ना, तीच त्यांची जागा. गुडघ्याला गुडघा लागतो. मध्येच माझ्याकडे बघतात, असं, डोळ्यात प्राण आणून. आणि गेल्या शरदात एकदा ढोल ठेवताना म्हणाले, "दाद छान देतेस तू."

नऊ वर्षांत ते पहिलं. सवतीच्या ताटातला घास होता, मला कळत नाही का? पण भुकेल्याला ताट कुणाचं ते दिसत नाही. मी खाल्ला. रोज खात आले.

आणि चार दिवसांपूर्वी ती बंद झाली.

तीन वाजले, वास नाही, श्वास नाही. नुसती भिंत. हे ढोल घेऊन बसलेले, माझ्या तोंडाकडे बघत. काय करू? मला गाणं पाठ होतं. मी मनाने श्वास मोजले आणि शाबास म्हणत राहिले. पहिल्या दिवशी खपलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही. काल ह्यांनी मध्येच काठी थांबवली.

"तुझी दाद खोटी आहे," हे म्हणाले. "ती इथे नाही. कुठे घालवलीस तिला?"

रात्रभर बोलले नाहीत. सकाळीही नाही. आज आत जाऊन बसलेत.

हं. आता तू सांग, पोरी. माझं मन हलकं झालं. कसला आवाज येतो तुझ्या भिंतीतून? ढोलाचा असेल तर मी ह्यांना सांगते, काठीला कापड गुंडाळा म्हणून...

ढोल नाही?

खोकला?

रोज दुपारी. बाईचा. पुन्हा पुन्हा. कधीपासून? रविवारपासून... अगं, रविवार म्हणजे चारच दिवस. कडेने गेली. मिस्त्री म्हणाला होता, समोरून अडवला की कडेने जातो.

थांब, उठू नकोस. एक सांग. रात्रपाळी करून आलीस, डोळा लागला, आणि भिंतीत कुणीतरी खोकतंय. चिडली असशील. भिंतीवर हात मारला असशील. काही बोललीस का? तोंडातून काही गेलं का तुझ्या? आठव. मला खरं सांग.

...शाबास म्हणालीस.

"शाबास, आता हेच राहिलं होतं." असं म्हणालीस.

कशाला म्हणालीस गं? तुला काय अडलं होतं? तुझं वय काय, तुला नवरे मिळतील पन्नास! माझ्याकडे ती एकच होती. ती होती म्हणून हे माझ्याजवळ बसत होते, कळत कसं नाही तुला? एका शब्दावर गेली मेली, जशी माझ्याकडे आली तशीच गेली... हो, मी रडतेय. रडू दे. हे आतून बाहेर आले तर त्यांना काय सांगू? त्यांना कळलं ती तुझ्याकडे आहे, तर...

तीन वाजले वाटतं. थांब, त्यांना बघून येते.

...आत नाहीत.

खोली रिकामी आहे. ढोलही नाही. मी दाराकडे पाठ करून बसले होते, तुझं लक्ष माझ्या रडण्याकडे, माझ्या मागून गेले असतील. पण बूट तर इथेच आहेत, बघ, तुझ्या बुटांशेजारी. बूटसुद्धा घातले नाहीत. एवढी घाई! मला मागणी घालायला आले होते तेव्हा अर्धा तास उशिरा आले होते.

श्श... ऐक.

ढोल. ह्या भिंतीतून. तुझ्या घरातून येतोय.

ऐकलंस? "शाबास!" ऐकलंस, कसा म्हणाले? पोटातून. माझ्या वाट्याला असा एकदासुद्धा आला नाही गं.

तू दार नीट लावून आली होतीस ना, पोरी? आकड्यांचं कुलूप आहे, आकडे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाहीत. आणि राहतेस तर एकटीच, म्हणालीस.

मग ह्यांना आतून दार उघडलं कुणी?